करवतीला टाळ्या

अप्रेजलचा महिना सुरू झाला की आमच्या ऑफिसची हवाच बदलते. एरवी पावणेदहाला डुलत डुलत येणारी मंडळी नऊच्या ठोक्याला लॅपटॉप उघडून बसलेली दिसतात. बॉसच्या विनोदांवर जरा जास्तच हशा पिकतो. आणि खाली चहाच्या टपरीवर विषय एकच, कुणाला किती मिळणार आणि कुणाचा पत्ता कटणार!

परवा अशाच एका संध्याकाळी आमच्या टीममधला एक ज्युनियर माझ्याबरोबर टपरीवर आला. पोरगा हुशार आहे. कॉलेजातून बाहेर पडून जेमतेम दीड वर्ष झालंय. मीटिंगमध्ये मला नावाने हाक मारतो आणि टपरीवर आला की 'ताई' म्हणतो. कटिंगचा ग्लास नुसताच हातात फिरवत होता. मग एकदम म्हणाला, "ताई, खरं सांग. पुढे जायचं असेल तर थोडं हरामी व्हावंच लागतं का?"

त्याचं दुखणं मला माहीत होतं. तीन महिने रात्र रात्र जागून त्याने जे काम केलं, ते मोठ्या साहेबांसमोर सादर झालं तेव्हा पहिल्या स्लाइडवर नाव भलत्याचंच होतं. ज्याचं होतं तो बोलायला एकदम फर्डा. दहा मिनिटांत त्याने हॉल जिंकला. आता त्याच्या प्रमोशनची कुजबुज सुरू आहे.

मी काहीतरी गुळमुळीत बोलले. 'तसं नसतं रे', 'शेवटी काम बोलतं', वगैरे. पण माझाच त्यावर विश्वास नव्हता आणि ते त्यालाही कळलं. कारण त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर उभा होता आमचा 'हिरो'.

हिरो म्हणजे माझ्या आधीच्या एका नोकरीतला आमचा डिपार्टमेंट हेड. खरं नाव काही का असेना, आम्ही त्याला हिरोच म्हणायचो. आणि सुरुवातीला ते कौतुकाने म्हणायचो बरं का! पहिल्याच दिवशी त्याला सगळ्यांची नावं पाठ होती. ऑफिसबॉयचं गाव कुठलं, रिसेप्शनवरच्या मुलीच्या आईचं ऑपरेशन कधी झालं, सगळं माहीत. पहिल्या मीटिंगमध्ये हातात कागद नाही, समोर स्लाइड नाही आणि हा गडी चाळीस मिनिटं बोलला. तीन वर्षांनी आपण कुठे असू, याचं असं चित्र उभं केलं की आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मी.

मग हळूहळू एकेक गोष्ट कळायला लागली. परदेशातल्या एकाच पोस्टिंगचं आश्वासन त्याने तिघांना दिलं होतं, प्रत्येकाला 'कुणाला बोलू नकोस हं' असं सांगून. काम बिघडलं की तो नेमका त्या मेलमध्ये नसायचा आणि जमलं की पहिलं नाव त्याचं. समोरचा रडकुंडीला आला तरी याच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही. आणि पाचच मिनिटांनी क्लायंटचा फोन आला की आवाजात मध! दीड वर्षात तो आमच्याकडून बढती घेऊन मोठ्या कंपनीत गेला. तो गेला आणि चार महिन्यांत त्याने उभं केलेलं सगळं पत्त्याच्या बंगल्यासारखं कोसळलं. निस्तरायला मागे उरलो आम्ही.

तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला नवी पदवी बहाल केली. 'सायकोपॅथ होता साला!'

हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. हिचकॉकचा १९६० चा 'सायको' पाहिल्यापासून आपल्याला सायकोपॅथ म्हटलं की चाकू, बाथरूम आणि वेडसर डोळे आठवतात. प्रत्यक्षात हे प्रकरण त्याच्या बरोबर उलट आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ हर्वी क्लेक्ली यांनी १९४१ मध्ये या विषयावर जे गाजलेलं पुस्तक लिहिलं, त्याचं नावच होतं 'द मास्क ऑफ सॅनिटी', म्हणजे शहाणपणाचा मुखवटा. या माणसांना भास होत नाहीत, भ्रम होत नाहीत. चारचौघांत ती चारचौघांपेक्षा जास्तच नॉर्मल वाटतात. क्लेक्लींनी अशा माणसांच्या वर्णनात व्यापारी घेतला होता, डॉक्टर घेतला होता, इतकंच काय, मानसोपचारतज्ज्ञही सोडला नव्हता!

पुढे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी तुरुंगातल्या कैद्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून एक चाचणी बनवली. तिच्यात २० मुद्दे आहेत. तुळतुळीत बोलणं आणि वरवरचं मोहक वागणं, स्वतःबद्दल अवास्तव मोठेपणा, सराईत खोटं बोलणं, माणसांना खेळवणं, केल्याचा पश्चात्ताप नसणं, भावना उथळ असणं, जबाबदारी कायम दुसऱ्यावर ढकलणं, अशी ती यादी. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण. एकूण ४० पैकी साधारण ३० च्या वर गेलात की तुम्ही त्या वर्गात. मात्र हे गुण प्रशिक्षित माणसाने, सविस्तर मुलाखत घेऊन आणि जुनी कागदपत्रं तपासून द्यायचे असतात. कॅन्टीनमध्ये समोसा खात बॉसला गुण देण्याची ही चाचणी नाही. तेव्हा आमच्या हिरोला मी ते लेबल लावणार नाही. आणि तुम्हीही तुमच्या मॅनेजरला लावू नका. निदान हा अंक संपेपर्यंत तरी!

पण मला पडलेला प्रश्न लेबलाचा नव्हताच. ज्याच्यात हे गुण थोडेफार दिसतात असा माणूस इतक्या भराभर वर जातो कसा? त्याला वर नेतं कोण? आमचा हिरो तसा फारच छोटा मासा. या प्रश्नाचा लख्ख नमुना सापडला तो अमेरिकेत. टोस्टर, मिक्सर आणि बार्बेक्यूच्या शेगड्या बनवणाऱ्या एका कंपनीत.

कंपनीचं नाव सनबीम आणि माणसाचं नाव अल डनलॅप. टोपणनाव 'चेनसॉ अल', म्हणजे करवतवाला अल. आजारी कंपनी हातात घ्यायची, सपासप माणसं कापायची, शेअरचा भाव चढवायचा आणि कंपनी विकून मोकळं व्हायचं, ही याची ख्याती. १९९४ मध्ये तो स्कॉट पेपर या टिश्यूपेपर बनवणाऱ्या जुन्या कंपनीचा प्रमुख झाला. ११,००० पेक्षा जास्त लोकांना त्याने घरी पाठवलं. कंपनी दानधर्माला जो पैसा द्यायची तो बंद केला. आणि १९९५ मध्ये कंपनी किंबर्ली-क्लार्कला विकून टाकली. दीड-पावणेदोन वर्षांच्या या कामगिरीचे त्याच्या खिशात पडले सुमारे १० कोटी डॉलर!

आता गंमत बघा. ही ख्याती लपलेली नव्हती. स्वतः डनलॅपच ती मिरवत होता. कमरेला पिस्तुलं आणि छातीवर काडतुसांचे पट्टे लावून, रँबोच्या थाटात त्याने वर्तमानपत्रासाठी फोटो काढून घेतला होता. असा माणूस आपल्या कंपनीत येतोय म्हटल्यावर कुणालाही घाम फुटायला हवा ना? पण जुलै १९९६ मध्ये सनबीमने त्याची नेमणूक जाहीर केली आणि एका दिवसात शेअर साडेबारा डॉलरवरून अठराच्या वर गेला. जवळजवळ पन्नास टक्के! अजून त्याने केबिनमध्ये पाऊलही ठेवलं नव्हतं. चार महिन्यांनी त्याने जाहीर केलं की १२,००० पैकी ६,००० नोकऱ्या जाणार. त्याचं पुस्तक बाजारात होतंच. तो टीव्हीवर झळकत होता, भाषणं देत होता. करवत चालू होती आणि बघणारे टाळ्या वाजवत होते.

पण सनबीमची गोष्ट स्कॉटसारखी झटपट संपली नाही. कंपनी विकत घ्यायला कुणी पटकन पुढे आलं नाही. आणि अशा माणसाला न मानवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे थांबणं! १९९७ चा नफा तर दणदणीत दिसायलाच हवा होता. मग तो 'दिसवण्यात' आला. बागेत लावायच्या बार्बेक्यूच्या शेगड्या लोक उन्हाळ्याच्या तोंडावर घेतात. सनबीमने त्या ऐन हिवाळ्याच्या तोंडावर दुकानदारांच्या गळ्यात मारल्या. पैसे सावकाश द्या, माल उचलायचीही घाई नाही, तोवर तो गोदामात पडून राहील. विक्री मात्र आजच्या तारखेला! म्हणजे आपल्याकडे शिमग्यालाच दिवाळीच्या आकाशकंदिलांचं बिल फाडायचं आणि 'बघा, धंदा किती वाढला' म्हणायचं. शिवाय पहिल्या वर्षीचा तोटा मुद्दाम फुगवून दाखवायचा आणि पुढच्या वर्षी तोच पैसा हळूच नफ्यात ओढायचा, असाही खेळ झाला. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने पुढे हिशोब मांडला, तेव्हा १९९७ मध्ये दाखवलेल्या १८.९ कोटी डॉलरच्या नफ्यातले निदान ६ कोटी डॉलर असे बनावट निघाले.

मार्च १९९८ मध्ये शेअर ५२ डॉलरवर होता. जूनमध्ये संचालक मंडळाने डनलॅपला काढून टाकलं. २००१ मध्ये सनबीमने दिवाळखोरी जाहीर केली. २००२ मध्ये डनलॅपने नियामकाशी तडजोड केली. आरोप मान्यही नाहीत आणि अमान्यही नाहीत, पण ५ लाख डॉलर दंड भरायचा आणि यापुढे शेअर बाजारातल्या कुठल्याही कंपनीत अधिकारी किंवा संचालक व्हायचं नाही. भागधारकांच्या दाव्यात आणखी दीड कोटी डॉलर गेले. बाकी आयुष्य त्याने फ्लोरिडातल्या भल्यामोठ्या घरात काढलं आणि २०१९ मध्ये तो वारला.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीने. २००१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने उघड केलं की डनलॅपच्या बायोडेटातून १९७० च्या दशकातल्या दोन नोकऱ्या गायब होत्या. दोन्हीकडून त्याला काढून टाकलं होतं. एका ठिकाणाहून तर काही आठवड्यांतच! आणि दुसऱ्या ठिकाणी तो गेल्यावर आरोप कुठला झाला होता माहितीये? नफा फुगवून दाखवल्याचा. त्याने तो आरोप नाकारला होता, पण प्रकरण कोर्टाच्या कागदांत होतं. म्हणजे वीस वर्षांपूर्वीचा सगळा ट्रेलर उपलब्ध होता. अब्जावधींच्या कंपन्या त्याच्या हातात देणाऱ्या हुशार लोकांनी तो पाहिलाच नाही. आपल्याकडे लग्न ठरवताना मुलाच्या शेजाऱ्यांकडे यापेक्षा जास्त चौकशी करतात हो!

डनलॅप सायकोपॅथ होता का? जॉन रॉन्सन नावाचा ब्रिटिश पत्रकार हाच प्रश्न घेऊन थेट त्याच्या घरी गेला होता. घरभर सिंह, वाघ असल्या शिकारी प्राण्यांचे पुतळे. रॉन्सनने हेअरच्या यादीतला एकेक मुद्दा त्याच्यापुढे ठेवला आणि डनलॅपने बहुतेक सगळे आनंदाने कबूल केले, फक्त नावं बदलून. माणसांना खेळवणं? ते नेतृत्व. स्वतःला फार मोठं समजणं? ते तर हवंच. विचार न करता उडी मारणं? तो झटपट निर्णय. २०११ च्या 'द सायकोपॅथ टेस्ट' या पुस्तकात हा किस्सा आहे. पत्रकाराने घेतलेली ही काही वैद्यकीय तपासणी नव्हे, हे रॉन्सनही जाणतो. पण हा किस्सा वाचताना मी दचकले. कारण ती बदललेली नावं मला ओळखीची वाटली. आमच्या अप्रेजलच्या फॉर्ममध्ये तीच तर असतात! आत्मविश्वास. प्रभाव. झटपट निर्णयक्षमता. भावनेच्या आहारी न जाणं.

आता थोडं अभ्यासाकडे वळू, कारण एका डनलॅपवरून जगाबद्दल बोलणं बरं नाही. २०१० मध्ये पॉल बाबियाक, क्रेग न्यूमन आणि हेअर यांनी सात कंपन्यांतल्या २०३ अधिकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही सगळी पुढच्या मोठ्या पदांसाठी कंपनीने निवडलेली माणसं. त्यांतली साधारण चार टक्के माणसं ३० च्या रेषेवर गेली. सर्वसामान्य लोकांत हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास मानतात. अर्थात निवडक २०३ जणांवरून 'चार टक्के बॉस सायकोपॅथ' असं छापायचं नसतं. पण त्या अभ्यासात याहून मोलाची एक गोष्ट होती. ज्यांचे गुण जास्त, त्यांना कंपनीत 'बोलणं प्रभावी', 'कल्पक', 'दूरदृष्टीचा' असे शेरे मिळाले होते. आणि त्याच माणसांना टीममध्ये काम करणं, माणसं सांभाळणं, प्रत्यक्ष काम करून दाखवणं यात कमी गुण होते!

परत एकदा वाचा. बोलण्यात वर, कामात खाली. आणि दोन्ही शेरे कंपनीच्याच फायलीत!

२०१९ मध्ये अशा अनेक अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली, तिचाही सूर साधारण असाच होता. हे गुण असलेल्या माणसाला नेतृत्व मिळण्याची शक्यता किंचित जास्त, पण चांगला नेता ठरण्याची किंचित कमी. 'किंचित' हा शब्द महत्त्वाचा. यात काही जादू नाही. आणि मैत्रिणींनो, आणखी एक गोष्ट. पुरुषांना यातून थोडाफार फायदा होताना दिसला. तेच गुण बाईत असले तर लोक तिला माफ करत नाहीत. तो 'डॅशिंग' आणि ती 'डेंजरस'. हे आपल्याला सांगायला अभ्यास कशाला हवा म्हणा!

पण माझ्या ज्युनियरच्या प्रश्नाचं थेट उत्तर मिळालं ते २०२० मधल्या एका अभ्यासात. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या कॅमेरॉन अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छान गोष्ट केली. विद्यार्थी असताना ज्यांच्या स्वभावाची चाचणी झाली होती, अशा माणसांना साधारण चौदा वर्षांनी गाठलं आणि कोण कुठवर पोचलं ते बघितलं. स्वार्थी, भांडखोर, दुसऱ्याला वापरून घेणारी माणसं जास्त वर पोचली होती का? नाही! धाक दाखवून ती जे कमावत होती, ते माणसं तोडून गमावत होती. बेरीज-वजाबाकी शून्य. म्हणजे पुढे जायला हरामी व्हावं लागत नाही, हे आता मी त्याला छातीठोकपणे सांगू शकते.

मात्र या अभ्यासाला दुसरी बाजूही आहे आणि ती जास्त टोचणारी आहे. ही माणसं जास्त वर गेली नाहीत, तशी मागेही पडली नाहीत. त्यांच्या वाईट वागण्याची त्यांना शिक्षाच झाली नाही. शिडीने त्यांना ढकललं नाही, पण अडवलंही नाही.

का अडवत नाही? एक तर आपण माणूस मोजतो तो बोलण्यावरून. मुलाखत एक तासाची, प्रेझेंटेशन वीस मिनिटांचं. ज्याला भीती वाटत नाही, शंका येत नाही, त्याची ही वीस मिनिटं उत्तमच जाणार. ज्याला खरोखर काम माहीत असतं तो 'हे अवलंबून आहे', 'इथे धोका आहे' असं अडखळत बोलतो आणि आपल्याला तो कच्चा वाटतो. दुसरं म्हणजे वेळ. गोड बोलण्याचा फायदा लगेच मिळतो आणि मोडतोडीचं बिल दोन वर्षांनी येतं. तोवर हा पुढच्या कंपनीत, बढती घेऊन! डनलॅपचं स्कॉटमध्ये फावलं कारण कंपनी विकली गेली. सनबीममध्ये तो पकडला गेला याचं एक मोठं कारण म्हणजे यावेळी बिल येईपर्यंत त्याला तिथेच बसावं लागलं. तिसरं म्हणजे वरच्यांचा फायदा. शेअर ५२ डॉलरवर असताना ज्यांच्याकडे ते शेअर आहेत, त्यांनी शेगड्या हिवाळ्यात कशा खपल्या असं का विचारावं?

आणि चौथं कारण म्हणजे खालच्यांचं गप्प बसणं. इथे मला डनलॅपला सोडून परत माझ्याकडे यायला हवं. इतका वेळ मी ते टाळत होते.

हिरोच्या काळात आमच्या डिपार्टमेंटमध्ये एक सीनियर होत्या. आमच्या सगळ्यांच्या मॅडम. सगळं काम त्यांच्या खांद्यावर. एका मोठ्या क्लायंटला हिरोने अशक्य तारीख कबूल केली, तेव्हा भर मीटिंगमध्ये त्या म्हणाल्या, "हे होणार नाही." नंतर मेलही केला, कारणं देऊन. त्या दिवसापासून त्या 'निगेटिव्ह' ठरल्या. तारीख हुकली. क्लायंट भडकला. हिरोने वर सांगितलं की मॅडमनी धोक्याची कल्पनाच दिली नव्हती. एचआरने टीममधल्या तिघाचौघांना बोलावलं. मलाही. "त्यांनी आधी सांगितलं होतं का?"

त्या मेलमध्ये मी सीसीला होते.

मी म्हणाले, "मला नक्की आठवत नाही."

एवढंच. खोटा आरोप केला नाही, कुणाची कागाळी केली नाही. घराचा हप्ता नुकताच सुरू झाला होता आणि परदेशातल्या त्या पोस्टिंगचं आश्वासन मिळालेल्या तिघांपैकी एक मी होते. महिनाभरात मॅडमनी राजीनामा दिला. आणि त्याच वर्षी हिरोसाठी आलेल्या ३६० डिग्री फीडबॅकच्या फॉर्ममध्ये मी लिहिलं होतं, 'व्हिजन : ५ पैकी ५. कम्युनिकेशन : ५ पैकी ५.' आठवतायत ना ते दोन शेरे? कंपनीच्या फायलीतले? त्यांतला एक माझ्या अक्षरातला आहे.

गेल्या वर्षी धीर करून मी मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, मला माहीत होतं. तो मेल माझ्याकडे अजून आहे. सीसीमधली नावं मी तेव्हाही वाचली होती." पुढे त्यांनी माझ्या मुलीची चौकशी केली आणि फोन ठेवला. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हा अशा माणसांपासून सांभाळायचं कसं, याच्या टिप्स मी कुठल्या तोंडाने देणार? पण चार गोष्टी मी शिकले, त्या सांगते. नवा बॉस कसा आहे हे त्याच्या भाषणावरून ठरवू नका, आधीच्या कंपनीत जे त्याच्या हाताखाली होते त्यांना विचारा. वरच्यांना नाही, खालच्यांना. तो गेल्यावर दोन वर्षांनी तिथे काय उरलं तेही विचारा. ज्याच्याकडून काहीच मिळणार नाही, अशा माणसाशी तो कसा बोलतो ते बघा. आणि फक्त पहिल्या आठवड्यात नको, सहा महिन्यांनी बघा. महत्त्वाचं सगळं लेखी ठेवा. आणि कुणी विचारलं तर जे आठवतं ते आठवतं म्हणा. हे शेवटचं सगळ्यात महाग पडतं, हे मला मान्य आहे. एकट्याने म्हटलं तर आणखी महाग. तेव्हा चौघांना एचआरने बोलावलं होतं आणि चौघांनाही आठवत नव्हतं. दोघांना आठवलं असतं, तरी गोष्ट कदाचित वेगळी झाली असती.

कालच मी आमच्या ज्युनियरला पुन्हा टपरीवर घेऊन गेले. म्हटलं, "तू विचारलंस ना, त्याचं उत्तर 'नाही' आहे. हरामी व्हावं लागत नाही." तो हसला. "मग त्याला प्रमोशन का मिळतंय, ताई?"

मी ग्लास खाली ठेवला. वर आले आणि आमच्या मोठ्या साहेबांना मेल लिहिला. त्या प्रेझेंटेशनमधलं कुठलं काम कुणी केलं, कुठल्या तारखेला, कुठल्या फायली कुणाच्या, सगळं चार ओळींत. टीममधल्या आणखी तिघांना सीसी केलं. सेंडवर बोट ठेवून दोन मिनिटं नुसती बसले होते. हप्ता अजून चालू आहे आणि अप्रेजल माझंही आहे!

मेल गेला. साहेबांचं उत्तर अजून आलेलं नाही. पण आज सकाळी सीसीमधल्या तिघांपैकी एकीने 'रिप्लाय ऑल' करून एकच ओळ लिहिली आहे, 'मलाही हे असंच आठवतंय.'